आतली कडी

गुरुवार, २३ मे २०२४. पहाटेपासून वारा नाही. कूलरच्या जाळ्या धुतल्या. दूध साडेदहाला आले. अकरा वाजता परीक्षेची सराव चाचणी सुरू केली. थोड्याच वेळात यंत्राने ती बंद केली. कारण दिले : खोलीत दुसरी व्यक्ती. दुसरी व्यक्ती म्हणजे बेबीवन्सं. कैरीची डाळ घेऊन आल्या होत्या. डाळीत मीठ कमी. रात्री देवेंद्रचा फोन. चाचणीबद्दल त्याला काही बोलले नाही.

एवढं लिहून सुमनताईंनी पेनाला टोपण लावलं. मग पुन्हा काढलं आणि खाली एक ओळ वाढवली : उद्या सुताराला बोलवायचे.

सुमन गजानन टोकेकर यांना एकाहत्तरावं सरत आलं होतं. होळकरांच्या लालबाग राजवाड्यामागच्या कॉलनीत त्यांचं बैठं घर होतं. पुढे तीन पायऱ्या, पायऱ्यांवर ओसरी, ओसरीला लागून एका बाजूला बैठकीची आणि दुसऱ्या बाजूला गजाननरावांची खोली. गजाननराव सांवेर रोडवर पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात फोरमन होते. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. सुमनताईंचे आजोबा होळकरांच्या कचेरीत कारकून, वडील शाळामास्तर. मास्तरांनी घरच्यांशी भांडून मुलीला कॉन्व्हेंटात घातलं. तिथे इंग्रजी शिकवणाऱ्या सिस्टरनी मुलींना रोज डायरी लिहायला लावली. "दिवस कसा वाटला ते लिहू नका," त्या म्हणायच्या, "काय झालं ते लिहा." बाकीच्या मुली शाळेबरोबर डायरीही सोडून गेल्या. सुमनताईंनी सोडली नाही. लग्नाच्या दिवशीही त्यांनी लिहिलं होतं की पंगतीला जिलबी कमी पडली.

बी.ए.चं पहिलं वर्ष झालं आणि लग्न झालं. पुढची दोन वर्षं राहिली ती राहिलीच. त्याबद्दल त्या कधी रडल्या नाहीत की कुणाला बोल लावला नाही. मात्र गेल्या डिसेंबरात वर्तमानपत्रातली ऑनलाइन बी.ए.ची जाहिरात पाहून त्यांनी त्या नंबरावर फोन केला.

"आंटीजी, किसके लिए पूछ रहे हो?" पलीकडच्या मुलीनं विचारलं. "पोती है?"

"मेरे लिए."

"आपके लिए?"

"उमर की कोई हद लिखी है क्या आपके यहाँ?"

नव्हती लिहिलेली. जानेवारीत वर्ग सुरू झाले.

पहिल्या दिवशी सुमनताई साडेदहालाच तयार होत्या. खळीची सुती साडी, पिन, चष्म्याची काच पुसलेली. मुलाचा, म्हणजे देवेंद्रचा, जुना लॅपटॉप गजाननरावांच्या टेबलावर, त्याखाली पंपांचे जाड कॅटलॉग, म्हणजे मान वाकत नाही. अकरा वाजता पडद्यावर चौकोन उमटले. सगळे काळे, प्रत्येकात नुसतं नाव. चेहरा होता तो एकच, सुमनताईंचा.

"सुमन मॅम," शिकवणारे सर अवघडून म्हणाले, "आप चाहें तो कैमरा बंद कर सकती हैं."

"सर, मैं क्लास में हूँ," सुमनताई म्हणाल्या, आणि त्यांनी कॅमेरा चालूच ठेवला.

त्यांना बरंच काही नव्यानं बसवावं लागलं. शाळेत त्या सिस्टरचा प्रत्येक शब्द उतरवून घ्यायच्या. इथे सर धडाधड बोलायचे आणि त्यांचा हात मागे पडायचा. महिनाभर धडपडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की व्याख्यान पुन्हा ऐकता येतं. मग त्यांनी पद्धत बदलली. वर्गात पेन खाली ठेवायचं आणि फक्त समजून घ्यायचं. दुपारी पुन्हा ऐकताना लिहायचं. जे अडेल त्याचा प्रश्न त्याच दिवशी सरांना पाठवायचा, परीक्षेपर्यंत साठवायचा नाही. उत्तरं टाइप करायची होती म्हणून रोज जेवणानंतर वर्तमानपत्रातला अग्रलेख टाइप करायचा. सुरुवातीला अग्रलेख संपायच्या आत डोळा लागायचा. एप्रिलपर्यंत अग्रलेख संपून राशिभविष्यही टाइप होऊ लागलं. अभ्यास आपल्याला जमतो, हे त्यांना कळून चुकलं होतं.

जमत नव्हतं ते घर.

परीक्षा घरूनच, पण कॅमेऱ्यासमोर. विद्यापीठाचा नियम असा की खोलीत दुसरं कुणी नको, पडद्यावरून नजर हटवायची नाही, ओठ हलवायचे नाहीत. चूक झाली की यंत्र एकदा सूचना देतं. दुसऱ्यांदा झाली की पेपर बंद, आणि पुढची संधी थेट पुढच्या वर्षी. सराव चाचणीत पहिली सूचना ओठांची आली. सुमनताई मनातल्या मनात वाचत असल्या तरी त्यांचे ओठ हलत. शाळेत सगळा वर्ग एका सुरात वाचायचा, आणि लग्नानंतर सासूबाईंना त्यांनी वर्षानुवर्षं पोथी वाचून दाखवली होती. ही सवय त्यांना कुणी दाखवून दिली नव्हती, यंत्रानं दिली. दुसऱ्या चुकीच्या वेळी बेबीवन्सं डाळीची वाटी घेऊन सरळ त्यांच्या खांद्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"कोणाशी बोलताय वहिनी? इथे तर कोणीच दिसत नाहीये!"

सुमनताईंनी हातानं खूण केली.

"माशी आहे का? हाकलू?" असं म्हणून वन्संनी पडद्यासमोर हात फिरवला. चाचणी बंद.

बेबीवन्सं म्हणजे गजाननरावांची धाकटी बहीण. वय सहासष्ट, तरी नाव बेबीच. दोन घरं सोडून राहायच्या आणि त्यांच्याकडे या घराची किल्ली होती. दुसरी किल्ली समोरच्या प्रतापरावांकडे. ते पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. किल्ल्या अशा वाटलेल्या असण्यामागे कारण होतं, आणि ते सुमनताईंनाही मान्य होतं. दोन वर्षांपूर्वी त्या बाथरूममध्ये घसरून पडल्या. घोटा मोडला, दाराला आतून कडी, उठता येईना, हाक बाहेर पोचेना. पायरीवर दुधाचं पातेलं तसंच उन्हात पडलेलं प्रतापरावांनी पाहिलं, त्यांना शंका आली, आणि पहारीनं आधी पुढचं आणि मग बाथरूमचं दार फोडून त्यांनी सुमनताईंना बाहेर काढलं. त्या दिवसापासून सुमनताईंच्या हातात काठी आली. प्रतापरावांची पहारही तेव्हापासून त्यांच्या स्वतःच्या ओसरीत दाराशी उभी असायची, गंज चढू नये म्हणून तेलाचा हात फिरवलेली.

देवेंद्र बडोद्याहून धावत आला. त्यानं दारं बदलली आणि घरातल्या सगळ्या आतल्या कड्या काढून टाकायला लावल्या. बाथरूमची, झोपायच्या खोलीची, स्वयंपाकघराची, पुढच्या दाराचीही. पुढच्या दाराला फक्त लॅच, म्हणजे किल्ली असेल तो केव्हाही आत.

आणि लोक यायचे. काळजीनंच यायचे. दुपारी सुमनताईंना जाग यावी तर उंबऱ्यात प्रतापराव उभे. "काही नाही वहिनी, जस्ट बघायला आलो." देवाला दिवा लावताना मागे वन्सं. दोन वर्षं सुमनताई साडी नेसत होत्या ती कपाटाचं दार उघडं टाकून, त्याच्या आड उभं राहून. यावर त्यांनी डायरीत एक ओळही लिहिली नव्हती, कारण रोजच तेच होत होतं.

शुक्रवारी सुतार आला. पुढच्या दाराची चौकट बघून तो हसला.

"अम्माजी, यहाँ की तो मैंने ही निकाली थी. भिया ने निकलवाई थी."

"तो जगह मालूम है ना? वहीं लगाओ."

"भिया को पूछ लूँ एक बार?"

"भिया बड़ौदे में है. दरवाज़ा यहाँ है."

सुतारानं कडी बसवली. त्यानं बाथरूमकडे बोट दाखवलं तेव्हा त्यांनी मान हलवली. तिथली नको. गजाननरावांच्या खोलीला एकट्या कडी लावूनही उपयोग नव्हता. लोक ओसरी ओलांडून बैठकीत येऊन बसले असते आणि तिथून गप्पा मारत राहिले असते. अडवायचं तर पुढच्या दारालाच.

संध्याकाळपर्यंत बातमी बडोद्याला पोचली.

"आई, बेबीआत्याचा फोन होता. तू कडी लावलीस?"

"लावली."

"का पण?"

"परीक्षा आहे. पंधरा जूनला पहिला पेपर."

"अगं मग त्यांना सांग ना, तेवढ्या टायमाला येऊ नका."

"सांगितलं. तुझी आत्या म्हणाली, मी एकदम गप कोपऱ्यात बसेन, तुम्ही लिहा. प्रतापराव म्हणाले, मी फक्त दारातून बघून जाईन."

"आई, तू किती वेळ पडून होतीस त्या दिवशी, आठवतंय ना?"

"मला कसं आठवणार नाही? मीच तिथे होते."

"मग?"

"बाथरूमची कडी मी लावलेली नाही. ती तू काढलीस ते बरोबर केलंस. पण तू बाथरूमची काढायला आलास आणि अख्ख्या घराच्या काढून गेलास. मला विचारलंस?"

"तेव्हा विचारण्यासारखी सिच्युएशन होती का?"

"आता आहे. आताही विचारत नाहीयेस. सांगतोयस."

"बरं, एक काम कर. यावर्षी राहू दे. पुढच्या वर्षी इथे येऊन दे. तुझी सून आहे, एसी आहे, वेगळी खोली आहे. कोणी डिस्टर्ब करणार नाही."

"त्या खोलीला आतून कडी आहे?"

"आहे, पण…"

"मग तिथे मी कडी लावलेली चालते आणि माझ्या घरात चालत नाही?"

"आणि काही झालं तर?"

"तर प्रतापरावांकडे पहार आहे," असं म्हणून सुमनताईंनी फोन ठेवला.

बेबीवन्संनी मात्र ते मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यांनी किल्ली फिरवली, लॅच उघडला, दार उघडलं नाही. त्या पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत राहिल्या. आत सुमनताई ऐकत बसून राहिल्या. एक वाजता त्यांनी दार उघडलं तेव्हा वन्सं आपल्या फाटकाशीच वाट बघत होत्या. तिथूनच त्यांनी आवाज चढवला, चार घरांना ऐकू जाईल असा.

"वा वहिनी! माझ्या दादाच्या घराला माझ्यासाठी कडी!"

"तुमच्यासाठी नाही. सगळ्यांसाठी."

"ते तर आणखीनच! बी.ए. होऊन काय कलेक्टर होणार आहात?"

"कलेक्टरला वयाची अट आहे. बी.ए.ला नाही."

"तुमच्याशी बोलण्यात काही अर्थच नाही!"

"मग अकरा ते एक तरी बोलू नका. एरवी या."

पण वन्सं एरवीही येईनाशा झाल्या. चारचा चहा सुमनताई एकट्याच पिऊ लागल्या. वाईट वाटलं, पण त्यांनी कडी काढली नाही. प्रतापराव आले ते समजुतीच्या सुरात.

"वहिनी, मी काय म्हणतो, दर अर्ध्या तासानं एक आवाज द्यायचा. 'ठीक आहे' म्हणायचं, बस. मी समोर खुर्ची टाकून बसतो."

"प्रतापराव, तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. पण मी जिवंत आहे हे दर अर्ध्या तासानं कळवायला मी काही ड्यूटीवर नाही."

"तुमच्या भल्यासाठीच म्हणतो."

"माहीत आहे. म्हणून तर दोन वर्षं गप्प होते."

मग रोज सराव सुरू झाला. अकराला कडी, खिडकी बंद, पडदा ओढलेला, आणि कूलरही बंद, कारण त्याच्या वाऱ्यानं पडदा हलला तरी यंत्र बिचकायचं. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या खोलीत बसणं म्हणजे तव्यावर बसणं. सुमनताई ओला पंचा मानेवर टाकून बसायच्या. ओठांचा उपाय त्यांनी स्वयंपाकघरात शोधला. ओठांत एक लवंग धरायची. ओठ हलले की लवंग खाली पडते. पहिल्या दिवशी टेबलाखाली लवंगाच लवंगा झाल्या. आठवड्यानं एकच लवंग पूर्ण वेळ टिकू लागली. जीभ बधिर व्हायची, पण वाचन डोळ्यांत राहायला शिकलं.

पंधरा जून, शनिवार. सुमनताईंनी तीच खळीची साडी नेसली. साडेदहाला येणारं दूध आलं नाही. दूधवाला हातोद गावाकडून मोटरसायकलवर यायचा. कधी पंक्चर, कधी रस्त्यात गुरं. पावणेअकरा झाले तेव्हा त्यांनी पातेलं झाकणासकट पायरीवर ठेवलं, आत आल्या आणि कडी लावली. पातेलं बाहेर ठेवताना त्यांना दुसरं काही आठवलं नाही. डोक्यात राज्यशास्त्र होतं.

पेपर चांगला होता. केंद्र आणि राज्यांमधल्या अधिकारांच्या वाटणीवर मोठा प्रश्न होता आणि तो त्यांचा पक्का झालेला. बोटं चालत होती. लवंग जागेवर होती. पहिला भाग संपत आला तेव्हा बाहेर मोटरसायकल थांबली.

"माँसाब, दूध!"

पातेल्यात दूध पडल्याचा आवाज आला. "माँसाब? ओ माँसाब!" मग मोटरसायकल गेली. सुमनताई लिहीत राहिल्या.

थोड्या वेळानं दारावर थाप पडली. "वहिनी! टोकेकर वहिनी!" प्रतापरावांचा आवाज, आणि त्यात नेहमीचा 'जस्ट बघायला आलो'चा सूर नव्हता, भीती होती. सुमनताईंची मान नकळत खिडकीकडे वळली. लगेच पडद्यावर लाल पट्टी आली : नजर स्क्रीनवर ठेवा. ही पहिली आणि शेवटची सूचना.

आता पुढची चूक म्हणजे सगळं संपणार होतं. त्यांनी नजर पडद्यावर रोवली आणि कान बाहेर ठेवले.

"त्या दिवशीपण असंच दूध बाहेर पडलं होतं!" प्रतापराव म्हणत होते. "सेम. पातेलं पायरीवर, दार आतून बंद. मी सांगतो, पडल्यात त्या. बेबीताई, अहो, इकडे या लवकर!"

तेव्हा सुमनताईंना पातेलं आठवलं. त्या दिवशी ह्याच पातेल्यानं त्यांना वाचवलं होतं, आणि आज तेच त्यांचा पेपर बुडवायला निघालं होतं. एक हाक मारली असती, 'मी ठीक आहे' एवढंच, तर सगळे घरी गेले असते. पण ओठ उघडले की पेपर बंद. उठल्या तरी बंद. आणि दार फुटलं तर दुसरी व्यक्ती खोलीत, म्हणजे तरीही बंदच.

खिडकीपलीकडे चपला वाजल्या. बेबीवन्सं आल्या होत्या.

"पेपर आहे त्यांचा आज," त्या म्हणाल्या. तीन आठवड्यांनी सुमनताई त्यांचा आवाज इतक्या जवळून ऐकत होत्या.

"पेपर असला म्हणून काय झालं? एक हो म्हणायला काय लागतं?"

"बोलायचं नसतं म्हणे त्यात."

"असं कुठे असतं काय? पेपरमध्ये पाणी मागतात लोक! कूलर पण बंद आहे बघा. ह्या गर्मीत कूलर बंद करून कोण बसतं? मी पहार आणतो."

फरशीवर लोखंड ओढत आणल्याचा आवाज आला. सुमनताई तो आवाज ओळखून होत्या. मागच्या वेळी तो ऐकून त्यांना रडू फुटलं होतं. या वेळी त्यांना संताप आला. पायापासून वर चढत आला. हे दार माझं, ही कडी माझी, हा पेपर माझा, आणि आत माणूस जिवंत आहे की नाही हे ठरवायला पहार?

त्यांनी नजर पडद्यावरच ठेवली. उजव्या हाताची बोटं वाक्य पुरं करत राहिली. डावा हात टेबलाखाली गेला, खुर्चीला टेकवलेली काठी त्यानं मुठीत धरली, आणि खिडकीखालच्या भिंतीवर दाणकन आपटली.

यंत्र काय करतं ते बघत त्यांनी श्वास रोखला. लाल पट्टी आली नाही.

बाहेर सगळं थांबलं होतं.

"ऐकलंत?" वन्सं म्हणाल्या.

"काय पडलं?"

"पडलं नाही काही. काठी आहे. वहिनींचीच. दादा मागच्या अंगणात लपून सिगारेट ओढायचा ना, तेव्हा अशाच आपटायच्या. तेव्हा काठीच्या जागी लाटणं होतं. चिडल्यात."

"नक्की? म्हणजे पडताना काठी लागली असेल तर? एकदा आणखी आपटायला सांगा."

सुमनताईंनी काठी आपटली. एकदा सांगितलं होतं, त्यांनी तीनदा आपटली. शेवटच्या फटक्याला भिंतीचा पोपडा निघाला.

"झालं समाधान?" बेबीवन्संचा आवाज आता चांगलाच चढला होता. "ती पहार ठेवा आधी खाली. आणि जा घरी. मी बसते इथे. कोणी दाराला हात लावायचा नाही."

"बरं बरं. पण हे दूध तरी आत…"

"आत कुठून? कडी आहे. आणि मी माझ्या घरी नेणार नाही. ज्यांनी कडी लावली त्या बघतील दुधाचं."

लवंग कधीच तुकडे होऊन जिभेखाली गेली होती. सुमनताईंनी ओठ घट्ट मिटले आणि दुसरा भाग सुरू केला. राज्यांचे अधिकार, केंद्राचे अधिकार, आणि ज्यात दोघांनाही बोलता येतं ते विषय. घाम कोपरापर्यंत ओघळत होता. शेवटचं उत्तर लिहून त्यांनी सगळं पुन्हा वाचलं, डोळ्यांनीच. दोन चुका सापडल्या, सुधारल्या. मग 'सबमिट' दाबलं आणि हिरवी खूण उमटेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

कडी काढून त्यांनी दार उघडलं तेव्हा ऊन भिंतीसारखं समोर उभं होतं. वन्सं वरच्या पायरीवर, पदर डोक्यावर घेऊन, वर्तमानपत्रानं वारा घेत बसल्या होत्या. समोर प्रतापराव आपल्या ओसरीत खुर्ची टाकून होते; त्यांनी हात वर केला आणि लगेच पेपरात डोकं घातलं.

"झाला?" वन्संनी मागे न बघता विचारलं.

"झाला."

"लिहिलंत सगळं?"

"सगळं."

"एवढं काठीनं भिंत फोडायची गरज नव्हती. एक फटका कळला होता मला."

"तुम्हाला कळला होता. त्यांना नव्हता."

वन्सं हसल्या, पण तोंड रस्त्याकडेच ठेवून. मग पातेल्याकडे बोट दाखवलं. "दूध गेलं असणार. मी उचललं नाही, सांगून ठेवते."

"बरं केलंत. उचललं असतंत तर उद्या मीच म्हणाले असते, विचारल्याशिवाय उचललंत."

"म्हणालाच असतात." त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "आता आत येऊ, की अजून कडी आहे?"

"या. पण चहा काळाच मिळेल."

चहा पिता पिता वन्संनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. सुमनताईंनी ती उचलून त्यांच्या हातात परत दिली. "ही असू दे तुमच्याकडे. मी दार उघडं ठेवेन तेव्हा लागेल."

"दार उघडं असलं तर किल्ली कशाला लागेल?"

"लॅच आहे वन्सं. वारा आला की बंद होतो."

रात्री देवेंद्रचा फोन आला. आत्यानं त्याला सगळं सांगितलं होतं, काठी वाढवून आणि पहार मोठी करून.

"दिलास ना पेपर नीट?"

"दिला."

"मस्त. मग आता ती कडी काढायला सांगू का सुताराला? तू नको त्रास घेऊस, मी इथून फोन करतो."

"मंगळवारी इतिहास आहे," सुमनताई म्हणाल्या. "त्यानंतर इंग्रजी. नंतर दुसरं सत्र. अजून अडीच वर्षं आहेत."

"आणि मग?"

"मग एम.ए."

देवेंद्र हसला. आपण का हसलो हे बहुधा त्याचं त्यालाही कळलं नसावं. सुमनताई हसल्या नाहीत. फोन ठेवून त्यांनी दिव्याखाली डायरी उघडली.

शनिवार, १५ जून २०२४. राज्यशास्त्राचा पेपर दिला. एक सूचना. भिंतीचा पोपडा निघाला, चुना आणायचा. दूध नासले. फडक्यात बांधून नळाला टांगले आहे. सकाळी पनीर होईल.